तरवडीचा पेपर

स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या ताईंनी दिवाळीच्या आधी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "काका, तुम्ही बँकवाले, शिवाय सोसायटीचे इतकी वर्षं खजिनदार. काहीतरी इतिहासाचं लिहून द्या. दोन-तीन पानं." आता सोसायटीचा इतिहास सेक्रेटरी साहेब लिहीतच आहेत. प्लॉटची खरेदी, पहिली बोअर कोरडी गेली ती हकिकत, टँकरचे दिवस, हे सगळं त्यांच्या लेखात येणार. त्यात मी परत लुडबूड करण्यात अर्थ नाही. म्हणून मी एका वेगळ्या माणसाबद्दल लिहितो आहे. तो आपल्या सोसायटीचा नाही, नगर शहराचाही नाही. पण आपल्याच जिल्ह्याचा. आपली मुलं नगरमध्ये वाढली, शिकली, आता पुण्याला आणि परदेशात गेली, आणि त्यातल्या एकालाही हे नाव माहीत नाही. मी विचारून पाहिलंय.

नाव मुकुंदराव पाटील. गाव तरवडी, तालुका नेवासा. 'दीनमित्र' या साप्ताहिकाचे संपादक.

हे नाव मला कसं कळलं ते आधी सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण आता पंच्याहत्तरीला आलो, लपवायचं कशासाठी?

१९८३-८४ चा सुमार असेल. नेवासे तालुक्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचं काम बघत होतो. बाजारचा दिवस, शाखेत पाय ठेवायला जागा नाही. एक म्हातारे शेतकरी विहिरीवरच्या मोटारीचं आणि पाइपलाइनचं कर्ज घ्यायला आले होते. कर्ज मंजूर झालेलं, फक्त कागद करायचे राहिलेले. त्या काळी आमचे फॉर्म इंग्रजीत असत, दहा-बारा पानांचे. जिथे सही किंवा अंगठा हवा तिथे आम्ही पेन्सिलीने फुली मारून ठेवायचो आणि पानं भराभर उलटत जायचो. बाबांनी पहिल्या फुलीवर अंगठा नेला आणि थांबले. म्हणाले, "सायेब, काय लिव्हलंय ते जरा वाचून दावा की."

मी म्हणालो, "इंग्रजीत आहे बाबा, तुम्हाला काय कळणार त्यातलं? उठवा अंगठा, मागे लाइन लागलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पाटीकडे. अक्षरओळख नव्हती त्यांना, पण शेजारी उभ्या असलेल्या नातवाला त्यांनी विचारलं, "काय नाव हाय रं सायबाचं?" नातू म्हणाला, "कुलकर्णी." बाबा म्हणाले, "मंग बराबर हाय."

रांगेतले चार लोक हसले. माझ्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. रागाच्या भरात मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी अंगठा उठवला, मी चेक दिला, काम झालं. पण दुपारी डबा खाताना ते शब्द परत परत कानात येत होते. 'मंग बराबर हाय' म्हणजे काय? आमचा शिपाई कुकाण्याकडचा होता. त्याला विचारलं, तर तो हसत म्हणाला, "साहेब, ती जुनी माणसं. तरवडीचा पेपर पारावर वाचलेला ऐकून मोठी झालेली. तुमच्या आडनावावर त्यांचा लई राग."

तरवडीचा पेपर! एकदम लख्ख आठवलं. 'दीनमित्र' हे नाव मी लहानपणी आमच्या घरात ऐकलं होतं, पण शिवीसारखं. आजोबा कोणावर फार चिडले की म्हणायचे, "जा, त्या दीनमित्रवाल्याकडे जाऊन बस." आम्हा पोरांना वाटायचं हा कुणी दरोडेखोर असावा.

तर या दरोडेखोराची गोष्ट अशी.

मुकुंदरावांचा जन्म १३ जानेवारी १८८५ चा. त्यांचे जन्मदाते वडील म्हणजे कृष्णराव भालेकर, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे. भांबुर्डे म्हणजे आजचं शिवाजीनगर. भालेकर हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले पहिल्या फळीतले कार्यकर्ते. त्यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढलं. पुढे ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलं. शेतकरी आणि कामकरी वर्गाची बाजू मांडणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं पत्र मानतात. म्हणजे वर्तमानपत्राचं वेड रक्तातच. त्यात मुकुंदराव दत्तक गेले तरवडीच्या पाटील घराण्यात, गणपतराव पाटलांच्या नावावर. आणि या गणपतरावांनीही १८८८ च्या सुमाराला 'दीनमित्र' नावाचं मासिक चालवलेलं. तेही सत्यशोधक मताचं. माणूस अकाली गेला, मासिक बंद पडलं. जन्मदाता बाप पत्रवाला, दत्तक बापही पत्रवाला, आणि वारसाहक्कात मिळालं काय, तर पाटीलकी, थोडी जमीन आणि एक बंद पडलेलं मासिक!

१९१० साली, पंचविसाव्या वर्षी, मुकुंदरावांनी तेच नाव घेऊन साप्ताहिक सुरू केलं. आणि ते पुण्या-मुंबईत नाही, खेड्यात. ही गोष्ट आज वाचताना पटकन डोळ्यांखालून निघून जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. नगर जिल्ह्याला पत्रांची परंपरा नव्हती असं नाही. अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये याच नगरमधून निघाला. पण नगर म्हणजे जिल्ह्याचं ठाणं, छावणीचं शहर, मागे मिशनचा पैसा. तरवडी म्हणजे काय? काळी जमीन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, वीज नाही, धड सडक नाही. शिशाचे खिळे जुळवणारा माणूस तयार करायचा. कागदाची रिमं बैलगाडीतून आणायची. ओला फर्मा मशीनवर चढवायचा, छापलेले अंक वाळवायचे, घड्या घालायच्या, पत्ते चिकटवायचे, तिकिटं लावायची, टपालात टाकायचे. आठवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. आणि वर्गणीदार कोण, तर ज्यांच्यातल्या बहुतेकांना वाचताच येत नाही! गावात एक मास्तर किंवा एखादा शिकलेला पोरगा वाचणार आणि पाराभोवती पन्नास जण ऐकणार. ऐकणारे पन्नास, वर्गणी एकाची.

बँकेत आम्ही कर्जाचा प्रस्ताव आला की धंदा चालेल का हे तपासायचो. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी दोन मिनिटांत नामंजूर केला असता. तो धंदा सत्तावन्न वर्षं चालला. पहिलं महायुद्ध झालं, दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला, स्वातंत्र्य आलं, नवीन राज्य आलं, आणि 'दीनमित्र' मुकुंदरावांच्या अखेरीपर्यंत, १९६७ पर्यंत, निघत राहिला. भारतातल्या ग्रामीण पत्रकारितेचा आरंभ इथून धरतात, तो काही उगाच नाही.

आता आमच्या आजोबांच्या रागाकडे येतो.

आजच्या मुलांना कुलकर्णी म्हणजे एक आडनाव. पण ते पद होतं, आणि वंशपरंपरेचं. गावगाड्यात पाटील सारा वसूल करणार आणि कुलकर्णी लिहिणार. कोणाची जमीन किती, सारा किती, भरला किती, बाकी किती, कर्ज कोणाकडून घेतलं, गहाण काय ठेवलं, हे सगळं एका माणसाच्या बोरूतून उतरायचं. दप्तर त्याच्या घरी. लिपी मोडी. बाकीच्या गावाला ती वाचता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर कॅशबुक लिहिणारा तोच, लेजर लिहिणारा तोच, ऑडिटर कोणी नाही, आणि खातेदाराला पासबुक नाही.

याचं काय होतं हे आपल्याच जिल्ह्याने १८७५ साली दाखवून दिलं होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असं आपल्या बाजूला पसरलं. 'दख्खनचे दंगे' म्हणून शाळेत चार ओळी असतात. त्यात एक गोष्ट मला बँकवाला म्हणून फार महत्त्वाची वाटते. लोकांनी मुख्यतः पैसा लुटला नाही, माणसं मारली नाहीत. त्यांनी मागितले ते कागद. कर्जखतं आणि वह्या चौकात आणून जाळल्या. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले, तिथे बहुतेक काही झालं नाही. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याचं कर्जखत नेमलेल्या नोंदणीदारासमोरच व्हावं अशी त्यात तरतूद होती. कशासाठी? काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला कळावं म्हणून. आणि त्यानंतर शंभर वर्षांनी मी एका म्हाताऱ्याला म्हणत होतो, तुम्हाला काय कळणार त्यातलं!

मुकुंदरावांनी १९१३ मध्ये 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. पोथीच्या थाटाचं काव्य. देवादिकांच्या लीला गातात, तशा यात कुलकर्ण्याच्या लीला. पावती कशी दिली नाही, आकड्यावर शून्य कसं चढलं, दोन भावांत भांडण लावून कागद कसा करून घेतला, असला सगळा मामला. पोथीचा साज का घेतला हे उघड आहे. खेड्यातला माणूस निबंध ऐकत नाही, पोथी ऐकतो. शंभर जण बसवून एकाने सुरात वाचायची, आणि मध्ये मध्ये हशा. ज्या माणसाची गावाला भीती, त्याला आधी हसायला शिकवलं, म्हणजे निम्मी भीती गेली.

त्या बाजारच्या दिवसानंतर काही महिन्यांनी मी ते पुस्तक एका ग्रंथालयातून मिळवलं. खरं सांगतो, दोनदा मिटवून ठेवलं. हे आमच्यावर आहे, आमच्या घरावर आहे, असं पानोपानी वाटत होतं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मात्र मला हसू आलं, कारण त्यातल्या काही युक्त्या मी आमच्या आजोबांच्या तोंडून, मोठ्या अभिमानाने सांगितलेल्या, ऐकल्या होत्या. ते त्याला 'हुशारी' म्हणायचे.

माझं मत विचाराल तर मुकुंदराव काही ठिकाणी अन्याय करतात. सगळे कुलकर्णी तसे नव्हते. दुष्काळात स्वतःच्या पेवातलं धान्य वाटणारे, पोरांना फुकट शिकवणारे होते, आणि पोटापुरतं उत्पन्न मिळत नाही म्हणून वतन सोडून शहरात नोकरी धरणारेही होते. टिळकांच्या राजकारणावर 'दीनमित्र'ने जी झोड उठवली, तीही मला सगळी पटत नाही. पण एक गोष्ट मानायला हवी. टीका करून हा माणूस शहरात सुरक्षित जाऊन बसला नाही. ज्यांच्यावर लिहितो, ते पुढच्या वाड्यात राहतात, रोज समोरून जातात, आणि सगळ्यांचं दप्तर त्यांच्या हातात आहे, अशा ठिकाणी बसून त्यांनी लिहिलं. आणि फक्त ब्राह्मणांवरच लिहिलं असंही नाही. 'शेटजी प्रताप' सावकारांवर आहे. 'होळीची पोळी' आणि 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबऱ्या आहेत. लग्न भटजीवाचून लावा, देवाच्या नावाने कर्ज काढू नका, पोरींना शाळेत घाला, अस्पृश्यांना माणूस म्हणून वागवा, हे ते आपल्याच माणसांना सांगत होते. आणि आपल्या माणसांना असलं सांगणं परक्यांना शिव्या देण्यापेक्षा कितीतरी अवघड. आपल्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालण्याबद्दल बोलून बघा, म्हणजे कळेल.

पुढे एक एक गोष्ट घडत गेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. आपल्याकडे मुंबई सरकारचा कायदा १९५० चा, आणि १९५१ च्या मे महिन्यापासून कुलकर्णी वतन संपलं. आमच्या घरातून त्या वर्षी दप्तर तलाठ्याकडे गेलं. मी तेव्हा पाळण्यात. आई सांगायची, गाडीत रुमाल भरताना आजोबा ओसरीवर पाठ करून बसले होते आणि त्या रात्री जेवले नाहीत. गंमत म्हणजे बारा-तेरा वर्षांत महसुली पाटीलकीही कायद्याने गेली. 'दीनमित्र'कार स्वतः पाटील, पण तोवर त्यांची ओळख पाटीलकीवर अवलंबून उरली नव्हती.

मधल्या काळात जिल्हाही बदलत होता. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे आले, ऊस आला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना उभा केला. ज्या भागात शेतकरी सावकाराच्या वह्या जाळत होता, त्याच भागात पाऊणशे वर्षांनी शेतकरी कारखान्याचा भागधारक झाला आणि वार्षिक सभेत उठून ताळेबंदावर प्रश्न विचारू लागला. याचं सगळं श्रेय एका साप्ताहिकाला देणं बरोबर नाही. पण प्रश्न विचारायची सवय काही आकाशातून पडत नाही. कुणीतरी दर आठवड्याला ती लावावी लागते.

२० डिसेंबर १९६७ ला मुकुंदराव गेले. वय ब्याऐंशी. आम्ही बँकवाले साठाव्या वर्षी हार घालून घेतो, घड्याळ घेतो आणि घरी येतो. हे गृहस्थ निवृत्त झालेच नाहीत.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा सौभाग्यवतींना घेऊन मुद्दाम तरवडीला जाऊन आलो. नेवासा फाट्यावरून शेवगावच्या रस्त्याला लागलं की कुकाणा येतं, तिथून जवळच. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे आमची गाडी. गावात त्यांचं स्मारक आहे, त्यांच्या नावाने दरवर्षी लेखकांना पुरस्कार देतात, त्यांचं लेखन ग्रंथरूपाने आलेलं आहे. तिथे भेटलेल्या गावकऱ्यांनी चहा पाजला, आडनाव विचारलं. मी सांगितलं. आत काहीतरी गोळा आल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "बरं झालं आलात. तुमच्यातलेही येतात वाचायला." एवढंच. आपल्याकडून शिंगणापूरला आणि नेवाशाच्या पैस खांबाला पुष्कळ मंडळी जातात. त्याच वाटेवर अर्धा तास जास्त काढून तरवडीला जरूर जाऊन या.

त्या मोटारीच्या कर्जवाल्या बाबांबद्दल राहिलं. त्या प्रसंगानंतर मी शाखेत एक पद्धत लावली. कर्जाच्या कागदातलं मुख्य ते, म्हणजे रक्कम, व्याज, हप्ता, तारण काय आणि थकलं तर काय होईल, मराठीत एका कागदावर लिहून वाचून दाखवायचं, मगच अंगठा. वरिष्ठांना ते आवडलं नाही, वेळ जातो म्हणून. माझी बदली होईपर्यंत तरी मी ते चालवलं. बाबा हप्ते भरायला यायचे. मी एकदा त्यांना म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माझं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता," आणि पावती नीट घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. ठेवण्याआधी नातवाकडून वाचून घेतली!

आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी जमाखर्च ओळ न ओळ वाचून दाखवायचो आणि तुम्ही मंडळी घड्याळाकडे बघत चुळबुळ करायचा, त्याचं कारण हे. तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगितलं.

आणखी एक. मागच्या वर्षी गळती काढायला आमच्या फ्लॅटचा माळा रिकामा केला, तेव्हा आजोबांची एक पत्र्याची पेटी निघाली. सरकारी दप्तर गेलं, पण घरचे काही कागद त्यांनी मागे ठेवले होते. मोडी वाचणारे एक गृहस्थ मी शोधून आणले. नातू सुट्टीला आला होता, तोही बसला. बहुतेक कागद भाऊबंदकीचे निघाले. एक मात्र कर्जरोखा होता. कुणा कुणब्याने काही रुपये घेतलेले, विहिरीकाठची जमीन गहाण. खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी, पूर्वी लिहिता न येणारा शेतकरी काढायचा तशी. तिच्याखाली 'बिकलम', म्हणजे हा कागद कोणाच्या हातचा, आणि पुढे आमच्या पणजोबांचं नाव. अक्षर इतकं सुरेख की वाचणारे गृहस्थसुद्धा वाहवा म्हणाले.

नातवाने विचारलं, "आजोबा, त्या माणसाला वाचून दाखवलं असेल का हे?"

मी म्हटलं, "कागदावर तसं लिहिलेलं नाही."

तो कागद आता मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलाय. कोणाला बघायचा असेल तर संध्याकाळी पाचनंतर घरी या, चहाही होईल.